‘मिटिंग होती’



पुनरुत्थान सणाचा आठवडा अजून सरलेला नाही. आपल्या घरातले गोडधोड संपले असेल, शुभेच्छा मात्र अजून ताज्या आहेत. या आनंदाच्या दिवसांत तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती माझ्याच घरची आहे आणि मला फारशी शोभणारी नाही. परंतु उपवासकाळाचे चाळीस दिवस मी वेदीवरून तुम्हाला ‘आत्मपरीक्षण करा’ असे सांगत होतो. तेव्हा स्वतःच्या पदराखाली काही झाकून ठेवणे बरे नव्हे.

पवित्र सप्ताहात आम्हा धर्मगुरूंची कशी धावपळ होते हे तुम्ही पाहताच. पापनिवेदनाला बसलेला फादर रात्री अकराला उठतो. गुरुवारी पाय धुण्याचा विधी, शुक्रवारी क्रूसाची वाट, शनिवारी जागरणाची मिस्सा. रविवारी दुपारी अंग नुसते आंबून गेलेले असते. म्हणून आम्ही सेमिनरीतले वर्गमित्र दरवर्षी इस्टरच्या सोमवारी कुठेतरी एकत्र जातो. गोरेगावच्या सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान एकाच बाकावर बसून शिकलो, एकाच स्वयंपाकघरातले कच्चे-करपलेले खाल्ले. यंदा सहा जण जमले. ठरले कोर्लई.

आता दुसरी बाजू. शनिवारी सकाळी आईचा फोन आला होता. “सोमवारी जेवायला येशील ना? सगळ्या बहिणी येणार आहेत, पोरंबाळं येणार आहेत. बाबा विचारतायत.” बाबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू अधू झाली, बोलणे अडखळते. दादा आणि वहिनी त्यांचे सगळे करतात. माझे घर इथून फार तर आठ किलोमीटर आहे, तरी मी दीड महिना घरी फिरकलो नव्हतो. मी म्हणालो, “आई, सोमवारी मिटिंग आहे गं. संध्याकाळी डोकावून जाईन.”

मिटिंग म्हणजे शेवटी भेटणेच ना? आम्ही सहा जण भेटणारच होतो!

हसू नका. नीतिशास्त्रात या युक्तीला फार जुना इतिहास आहे. शब्द खरा ठेवायचा, अर्थ मात्र मनात राखून ठेवायचा, म्हणजे ऐकणारा आपला आपण फसतो. यावर एके काळी मोठमोठ्या पंडितांनी ग्रंथ लिहिले. अखेर १६७९ साली पोप इनोसंट अकरावे यांनी या युक्तीचा मोकाट वापर निषिद्ध ठरवला. हे मला परीक्षेत आले होते आणि मी उत्तर चांगले लिहिले होते.

सोमवारी पहाटेच्या मिस्सेला मत्तयचे शुभवर्तमान होते. कबरीवरच्या पहारेकऱ्यांना वडीलमंडळी पैसे देतात आणि पढवतात, आम्ही झोपलो असताना त्याच्या शिष्यांनी येऊन त्याला चोरून नेले, असे सांगा. मी दोन मिनिटांचे प्रवचन केले. झोपलेल्या माणसाला चोर कसा दिसला, हे विचारून लोकांना हसवले. असत्याला नेहमी पैशाचा आणि दुसऱ्या असत्याचा टेकू लागतो, असेही बोललो. मग झगा काढला, डोक्यावर टोपी घातली आणि गाडीत बसलो.

कोर्लई तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. घोडबंदरवरून ठाणे, पनवेल, पेण, अलिबाग आणि पुढे रेवदंडा. दीडशे किलोमीटरहून अधिक रस्ता. रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की समुद्रात शिरलेली डोंगराची सोंड दिसते. तिच्यावर किल्ला, पायथ्याशी कोळ्यांच्या होड्या आणि गावात कार्मेल मातेचे देऊळ. आपल्या वसईतून पोर्तुगीज १७३९ साली गेले, तिकडून १७४० साली गेले. मागे आपण उरलो आणि तेही उरले. आपल्याकडे श्रद्धा राहिली, आडनावे राहिली, बोली मात्र आपली मराठीच. कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांनी श्रद्धेबरोबर एक भाषाही राखली. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली ही बोली ते घरात आजही बोलतात. तिला ते नुसते ‘आपली भाषा’ म्हणतात. तिची शाळा नाही, तिच्यात सरकारी कागद नाही. पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ ती आईच्या तोंडून मुलाच्या कानात जात राहिली. देवळाच्या पायरीवर एक आजी नातवाला त्या बोलीत रागावत होती. शब्द कळले नाहीत, पण काय चालले आहे ते पूर्ण कळले. रागावण्याचा सूर सगळ्या भाषांत सारखाच असतो.

आम्ही किल्ला चढलो. एकाचे गुडघे, एकाचा दम, एकाचे पोट यांनी वाटेत चार वेळा थांबवले. खाली उतरून पाण्यात शिरलो. पँट गुडघ्यापर्यंत वर करून सहा फादर लाटांशी मस्ती करत होते, हे चित्र तुम्ही न पाहिलेले बरे! मग गावातच एका घरी सांगून ठेवलेले जेवण केले. ताजे बोंबील, मांदेली आणि भात. आमच्यातल्या एकाने सेमिनरीतल्या एका प्राध्यापकांची नक्कल केली. मी इतका हसलो की ठसका लागला. शेवटचे असे कधी हसलो होतो, ते आठवेना.

ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत. उपयोगासाठी, मजेसाठी आणि एकमेकांच्या चांगुलपणासाठी. आमची मैत्री तिसऱ्या वर्गातली, असे आम्ही विद्यार्थी असताना छाती ठोकून म्हणायचो. आता वाटते, तिन्हींची थोडी थोडी भेसळ आहे आणि त्यात काही बिघडत नाही. त्यानेच एक लोकोक्ती दिली आहे, की बरोबर मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. आम्ही मीठ पुष्कळ खाल्ले आहे. ज्याला सगळे ‘फादर’ म्हणतात त्याला आडनावाने हाक मारणारा आणि ‘तुझं डोकं फिरलंय’ असे तोंडावर सांगणारा कोणीतरी हवाच. नाहीतर तो हळूहळू पुतळा होतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी करमणुकीची बाजू घेताना एक जुनी गोष्ट सांगितली आहे. प्रेषित योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना दिसले, तेव्हा काही लोकांना ते खटकले. त्यांच्यातल्या एकाकडे धनुष्य होते. योहानांनी त्याला बाण मारायला सांगितले. त्याने मारला. आणखी मार, आणखी मार. सतत असेच करशील का, असे विचारल्यावर तो म्हणाला, धनुष्य मोडेल. माणसाचे मनही तसेच मोडते, असे योहान म्हणाले. तेव्हा सहल हा काही गुन्हा नव्हता. हे मी तेव्हाही मानत होतो, आजही मानतो.

मग मी खोटे का बोललो?

हा प्रश्न त्या दिवशी माझ्या डोक्यात नव्हता. परतताना रेवदंड्याच्या बाजारात मी अर्धा किलो सोडे घेतले. आईला सोडे आवडतात. साडेसात-आठच्या सुमारास गाडी आमच्या वाडीच्या तोंडाशी थांबली. मी उतरलो, पिशवी गाडीतच राहिली. मित्राने ती खिडकीतून माझ्या हातात दिली.

ओटीवर बाबा खुर्चीत होते. त्यांनी डावा हात वर केला. बहिणी आपापल्या घरी गेल्या होत्या. आतून आई आली. “झाली मिटिंग?”

“झाली.”

“आणि हे काय?”

“सोडे आहेत. एका फादरांनी दिले.”

पाहा, हेही शब्दशः खरेच होते! फादरांनीच खिडकीतून दिले होते. सकाळी जे प्रवचन केले ते संध्याकाळपर्यंत माझ्यावरच लागू झाले. एका असत्याला दुसऱ्याचा टेकू. पैसे तेवढे मला कोणी दिले नव्हते.

पाय धुवायला मागच्या मोरीवर गेलो. वहिनी भांडी विसळत होत्या. माझ्या सँडलमधून वाळू निघाली, पाण्याबरोबर वाहत त्यांच्यापुढे गेली. त्यांनी ती पाहिली, मग माझ्या पँटच्या ओल्या काठाकडे पाहिले. हळूच म्हणाल्या, “फादर, मिटिंग वाळूत होती का?” आणि पुन्हा भांड्यांकडे वळल्या. त्या आवाजात टोमणा असता तर मला सोपे गेले असते. नव्हता.

आईने झाकून ठेवलेली कोंबडी आणि तांदळाच्या रोट्या वाढल्या. मी जेवलो. बाबांजवळ दहा मिनिटे बसलो. दादाने मला स्कूटरवरून इथे सोडले.

रात्री झोप लागली नाही. मी माझीच बाजू मांडू लागलो. पहिला मुद्दा, शब्द खोटे नव्हते. तो मुद्दा माझ्यापुढेच टिकला नाही. दुसरा मुद्दा, आईला वाईट वाटू नये म्हणून बोललो. अशा बोलण्याला अक्वायनस उपकाराचे असत्य म्हणतात. ते दुष्टाव्याच्या असत्याहून पुष्कळ हलके मानतात, पण निर्दोष मानत नाहीत. तरी हा मुद्दा मला बराच वेळ पटत राहिला. आजाऱ्याला, म्हाताऱ्याला, लेकराला आपण सगळेच असे काही ना काही सांगतो. मग स्वतःला विचारले, मी ‘मित्रांबरोबर समुद्रावर जातोय’ असे म्हणालो असतो, तर वाईट नक्की कोणाला वाटले असते? आईला, कदाचित. पण मला तिला उत्तर द्यावे लागले असते. “का रे, सोमवारीच का? दीड महिना का आला नाहीस?” असे ती विचारेल ही माझी भीती होती. दया आईवर नव्हती, माझ्यावर होती.

तिसरा मुद्दा जास्त टोचणारा आहे. मी ‘मिटिंग’ हाच शब्द का निवडला? कारण त्या शब्दापुढे आमच्या घरात कोणी बोलत नाही. मुलगा देवाला दिलेला आहे, त्याचे काम देवाचे काम आहे, असे आईने वीस वर्षे मानले आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू परुशांना हेच सुनावतो. आईबापांना जे द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे जाहीर केले की देण्यातून सुटका, अशी पळवाट त्यांनी काढली होती. यावर मी अनेकदा बोललो आहे. बोलताना डोळ्यांपुढे नेहमी दुसरे कोणी असत. परदेशी गेलेले मुलगे, वाडी विकायला निघालेले भाऊ. माझी स्वतःची कुर्बान ‘मिटिंग’ या नावाने चालू होती आणि ती या एका सोमवारचीच नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी आपल्या धर्मग्रामातल्या आजाऱ्यांना कम्युनियन घेऊन जातो. तुमच्या आजोबांजवळ बसतो, त्यांचा हात धरतो, त्याच त्या गोष्टी पुन्हा ऐकतो. तुम्ही म्हणता, फादर किती वेळ देतात. आठ किलोमीटरवर माझे बाबा ओटीवर बसलेले असतात.

ॲरिस्टॉटल म्हणतो, आईबापांचे ऋण मुलाला कधीच पूर्ण फेडता येत नाही. बाप एखाद्या वेळी मुलाला दूर करील, मुलाने बापाला दूर करणे बसत नाही, कारण देणेकरी तो आहे. आणि तोच पुढे म्हणतो की म्हणून सगळे काही बापालाच द्यायचे असेही नाही. मित्रांना मित्रांचे, भावांना भावांचे, ज्याचे त्याला द्यावे, आणि याची नेमकी वाटणी ठरवणे सोपे नाही. अक्वायनसही प्रेमाचा क्रम सांगताना रक्ताच्या नात्याला, गावकऱ्यांना, रणांगणातल्या सोबत्यांना आपापल्या ठिकाणी मान देतात. म्हणजे सोमवार कोणाचा, मित्रांचा की घरचा, याचे उत्तर त्यांच्या ग्रंथांत मला तयार मिळाले नाही. मिळेल असे मला वाटतही नाही. पण एक गोष्ट दिसली. खोटे बोलून मी तो प्रश्नच आईच्या हातून काढून घेतला होता. वाटणी अवघड होती, म्हणून वाटणी करायला बसलोच नाही.

मग संत अगस्तीन आठवले. ते सेमिनरीत माझे आवडते होते आणि आता त्यांनी मला पकडले. साल ३८३. तरुण अगस्तीनला कार्थेज सोडून रोमला जायचे होते. आई मोनिका किनाऱ्यापर्यंत मागे आली, सोडीना. तेव्हा त्याने सांगितले की एक मित्र जहाजाने निघाला आहे, वारा सुटेपर्यंत मला त्याच्या सोबतीला थांबायचे आहे. समुद्र, मित्र आणि आईला दिलेली थाप! मोनिका जवळच्या संत सिप्रियन यांच्या स्मृतिमंदिरात रात्रभर रडत प्रार्थना करत राहिली. रात्रीतच जहाज निघून गेले. सकाळी ती किनाऱ्यावर एकटी. पुढे त्याच माणसाने असत्यावर दोन स्वतंत्र पुस्तके लिहिली आणि कोणत्याही कारणासाठी खोटे बोलण्याला परवानगी दिली नाही. लोक म्हणतात, अगस्तीन या बाबतीत फार कडक आहेत. मला वाटते, ज्याला तो किनारा आठवतो त्याला कडक असण्याचा अधिकार आहे. मोनिका पुढे समुद्र ओलांडून त्याच्या मागे गेली आणि ३८७ साली ओस्तिया बंदरात, मुलगा जवळ असताना वारली. त्याला तेवढा वेळ मिळाला. प्रत्येक मुलाला मिळतोच असे नाही.

बुधवारी संध्याकाळची मिस्सा आटोपून मी घरी गेलो. आई ओटीवर बाबांच्या शेजारी भाजी निवडत होती. मी उभ्याउभ्याच म्हणालो, “आई, सोमवारी मिटिंग नव्हती. आम्ही मित्र कोर्लईला गेलो होतो.”

तिने मान वर केली नाही. “माहीत आहे.”

“वहिनींनी सांगितलं?”

“ती कशाला सांगेल? तुझ्या बहिणीच्या पोराने जेवतानाच फोनमध्ये फोटो दाखवला. तुमच्यातल्याच कोणीतरी टाकला होता. टोपी छान दिसत होती.”

म्हणजे सोमवारी दुपारी सगळ्या घराला ठाऊक होते! संध्याकाळी ‘झाली मिटिंग?’ असे विचारताना आईलाही ठाऊक होते. उत्पत्तीच्या पुस्तकात देव आदामाला, तू कुठे आहेस, असे विचारतो. देवाला काय ठाऊक नव्हते? तो झाडामागून बाहेर यायला वाट करून देत होता. आईने वाट केली होती. मी झाडामागेच उभा राहिलो, वर सोड्यांची पिशवी पुढे केली.

म्हणजे माझ्या खोट्याने कोणीच फसले नाही. मग नुकसान काय झाले? अगस्तीन म्हणतात, असत्य ऐकणाऱ्याच्या फसण्यात नसते, बोलणाऱ्याच्या दुभंगलेल्या हृदयात असते. मी हे वाक्यासारखे पाठ केले होते. त्या ओटीवर ते मला पहिल्यांदा समजले. सोमवारी संध्याकाळी त्या घरात सगळ्यांना खरे माहीत होते आणि खरे कोणीच बोलू शकत नव्हते, कारण मी बोललो नव्हतो. एका माणसाच्या खोट्याने अख्खे घर मुके होते.

“तुला राग आला?” मी विचारले.

“मजा केलीस त्याचा कशाला येईल? वर्षभर मी देवमातेकडे मागते, पोराला जरा विसावा दे. फोनवर तू सारखा दमलेला, सारखं काम, सारखी मिटिंग. मला इथं झोप लागत नाही. फोटोत हसत होतास. ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.” ती थोडी थांबली. “पण बाबा दोन वाजेपर्यंत जेवले नाहीत. फोटो बघितल्यावरसुद्धा. म्हणत होते, येईल.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. माफी मागितली. बाबांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, तो आशीर्वाद होता की तोल सावरणे, मला कळले नाही. मी खुर्ची ओढून बसलो. बाबा अडखळत म्हणाले, “किल्ला... चढलास?” मी सांगू लागलो. खाडीचा पूल, होड्या, कोणाचे गुडघे, कोणाचा दम, नातवाला पोर्तुगीजसारख्या बोलीत रागावणारी आजी. प्राध्यापकांची नक्कलही करून दाखवली. बाबांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“समुद्र बघायला एवढ्या लांब?” आई म्हणाली. “आपल्या दारात काय, तळं आहे?”

मी गप्प.

“आणि ते सोडे कितीला आणलेस?”

मी खरा आकडा सांगितला.

“फसवलं तुला,” आई म्हणाली, आणि वहिनींना चहा टाकायला सांगितला.

आपला,
फादर
(धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू)